हिऱ्याचें पाणी : सुरतेची एक फेरी

"हिऱ्यांचें पाणी उतरलें आहे." हे चार शब्द आमच्या घरांत एका दुपारीं उच्चारले गेले, आणि त्यांच्यापायीं प्रस्तुत लेखकास वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं सुरतेची वाट धरावी लागली. सुरत म्हणजे कांहीं काशी-रामेश्वर नव्हे. तेथें जाऊन आल्याची हकीकत मासिकांत छापण्याजोगी काय असणार, असें वाचकांच्या मनांत येईल. परंतु ज्या घरांत आईच्या किंवा आजीच्या डबींत हिऱ्याचा एखादा जुना डाग जपून ठेवलेला आहे, किंवा लग्नकार्याच्या निमित्तानें नवा हिरा घेण्याचें ज्यांच्या मनांत आहे, अशा कुटुंबांस ती उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून लिहीत आहें.

गोष्ट अशी झाली. माझ्या थोरल्या बंधूंच्या कन्येचा विवाह मार्गशीर्षांत ठरला. आमच्या मातोश्रींच्या, म्हणजे माईंच्या, हिऱ्यांच्या कुड्या या नातीला द्यावयाच्या हें ती पाळण्यांत असल्यापासूनच ठरलेलें होतें. प्रत्येक कुडींत मध्यें एक व भोंवतीं सहा असे सात हिरे. दोहोंचे मिळून चौदा. माईंना त्या त्यांच्या आईकडून आल्या आणि त्या माउलीला तिच्या सासूकडून. तेव्हां त्यांचें वय शंभरीच्या पुढें खचित असावें. कुड्या उजळून आणाव्या म्हणून दादा त्या एका पेढीवर घेऊन गेले. तेथल्या गृहस्थांनीं त्या दिव्याखालीं क्षणभर धरल्या आणि वरील चार शब्द उच्चारले. "हे आम्हांला द्या, वर थोडी रक्कम घाला, आणि मुलीला चांगला एक कॅरटचा हिरा घ्या," असा सल्लाहि दिला.

दादा व्यवहारी, त्यांना तो पटला. वहिनींना पटला नाहीं, पण त्या बोलल्या नाहींत. माईंनीं डबी हातांत घेतली, उघडून पाहिली, मिटली, आणि "तुम्हांला योग्य दिसेल तसें करा," एवढेंच म्हणून त्या देवघरांत गेल्या. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस या वाक्याचा अर्थ उकलून सांगण्याची गरज नाहीं.

माझीं तीस वर्षें शाळेंत पदार्थविज्ञान शिकवण्यांत गेलीं. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, सर्व नैसर्गिक पदार्थांत कठीण. तो विरत नाहीं, गंजत नाहीं, झिजतां झिजत नाहीं. मग त्याचें पाणी उतरतें म्हणजे नेमकें काय होतें? मीं हा प्रश्न विचारतांच दादा म्हणाले, "तुझा आतेभाऊ सुरतेस आहे. तूं स्वतःच जाऊन ये. पाणी खरोखर उतरलें असेल तर कुड्या तेथेंच दे आणि वरची रक्कम घालून एक कॅरटचा हिरा आण. नसेल उतरलें, तर त्या रकमेंत अंगठीपुरता जो मिळेल तो आण. पण हिरा खाणींतलाच हवा." याप्रमाणें कुड्यांची डबी, दादांचे पैसे आणि माईंचें तें वाक्य, असें तिहेरी ओझें घेऊन मी निघालों.

उजाडलें तेव्हां गाडी दक्षिण गुजराथेंतून चालली होती. दोहों बाजूंस उसाचे मळे आणि चिकूच्या बागा; नवसारी मागें पडली आणि थोड्याच वेळांत सुरत आली. सुरत म्हटली कीं मराठी मनुष्याच्या डोळ्यांपुढें इ. स. १६६४ आणि १६७० हीं दोन सालें उभीं राहतात. मोंगलांच्या या श्रीमंत बंदरावर शिवछत्रपतींनीं दोन वेळां धाड घातली ती कांहीं उगीच नव्हे. पश्चिम समुद्रावरचा केवढा तरी व्यापार त्या काळीं या एका शहरांतून चाले. तापीच्या कांठचा जुना किल्ला आणि कतारगामकडील इंग्रज व डच व्यापाऱ्यांचीं भव्य थडगीं त्या वैभवाची साक्ष अद्यापि देतात. आज तें बंदर राहिलें नाहीं. पण जगांत ज्या हिऱ्यांस पैलू पडतात त्यांतील दर दहांपैकीं सुमारें नऊ हिरे या शहरांतून जातात असें मानलें जातें. शहराबाहेर खजोद येथें डिसेंबर २०२३ मध्यें हिऱ्यांच्या व्यापारासाठीं जी प्रचंड वास्तु उघडण्यांत आली, तिच्या नऊ मनोऱ्यांत चार हजारांहून अधिक कचेऱ्यांची सोय आहे.

यांत नवलाची गोष्ट ही कीं, सुरतेच्या आसपास हिऱ्याची खाण एकहि नाहीं. अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत जगाला माहीत असलेले बहुतेक हिरे हिंदुस्थानांतले, त्यांतहि गोवळकोंड्याच्या राज्यांतले असत. पुढें ब्राझीलमध्यें आणि १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेंत ते सांपडले. आज आपल्याकडे मध्यप्रदेशांत पन्ना येथें कांहीं थोडे निघतात. सुरतेस येणारा कच्चा माल आफ्रिका, रशिया, कानडा अशा दूरदूरच्या देशांतून येतो आणि पैलू पडून पुन्हां दूरदूरच्या देशांत जातो. या गांवाचें धन जमिनींत नाहीं, माणसांच्या बोटांत आहे.

आतेभावानें प्रथम मला महिधरपुऱ्याचा हिरेबाजार दाखविला. जवाहिऱ्याचा बाजार म्हणजे कांचेचीं कपाटें, मखमली गाद्या आणि पहारेकरी, अशी माझी कल्पना होती. पाहतों तों अरुंद गल्ली, दुतर्फा उभ्या केलेल्या दुचाक्या, आणि त्यांना टेकून उभे असलेले शेंकडों लोक! खिशांतून कागदाची घडी निघते. आपल्याकडे वैद्य भस्माची पुडी बांधीत, तशीच. ती उघडली कीं आंत लखलखणारे बारीक खडे. घेणारा एका हातांत चिमटा आणि दुसऱ्या हातांत दहापट मोठें दाखविणारें भिंग घेऊन एकेक खडा पाहतो, किंमत बोलतो, पुडी मिटून परत देतो. लाखांचा माल असा उघड्या रस्त्यावर हातोहात फिरत असतो. आतेभाऊ म्हणाला, "येथें शब्द मोडला, कीं माणूस या गल्लींतून कायमचा उठला."

माझ्या ध्यानांत दुसरीहि एक गोष्ट आली. हे लोक हिरा पाहतांना उन्हांत जात नाहींत. सावलींत उभे राहून, पांढऱ्या कागदाच्या खोबणींत तो उलटा ठेवून, बाजूनें पाहतात. पेढ्यांवरील झगझगीत दिव्यांखालीं तर गारगोटीहि चमकते. हिऱ्याची परीक्षा मंद व सारख्या उजेडांत. हा पहिला धडा मला कोणीं न शिकवितां त्या गल्लींत मिळाला.

तेथून आम्ही वराछा भागांत एका लहानशा कारखान्यांत गेलों. मालक सत्तरीचे गृहस्थ. तरुणपणीं भावनगराकडच्या खेड्यांतून येऊन त्यांनीं हिरे घासण्यास आरंभ केला. आतां सर्वजण त्यांना बापा म्हणतात. गुजराथी-हिंदीच्या मिश्रणांत ते बोलत आणि मला 'मास्तरसाहेब' म्हणत. कुड्यांची डबी मीं पुढें केली, तों त्यांनीं ती हातानें थोपविली. "आधीं काम पाहा. मग तुमचा माल मी पाहीन."

काम होतें तें असें. कच्चा हिरा म्हणजे धुरकट, तुळतुळीत खडा. पायाखालीं आला तर उचलून पाहावासा वाटणार नाहीं. त्यांत कोठें डाग आहे, कोठें भेग आहे, कसा कापला असतां अधिकांत अधिक निघेल, याचा आराखडा आतां यंत्र करतें आणि लेझरच्या किरणानें तो कापला जातो. मग एकावर एक घासून त्याला गोल घाट देतात. यानंतर तो येतो घंटीवर. घंटी म्हणजे आडवी फिरणारी बिडाची तबकडी. मिनिटास सुमारें तीन हजार फेरे घेणारी. तिच्यावर तेलांत कालवलेली हिऱ्याचीच भुकटी माखलेली असते, कारण हिऱ्याला हिराच कापतो. एका घंटीभोंवतीं चार-चार कारागीर बसतात. पकडींत बसविलेला खडा तबकडीला टेकवितात, उचलतात, भिंगांतून पाहतात, पुन्हां टेकवितात. तळाचे पैलू पाडणारा वेगळा, माथ्याचे पाडणारा वेगळा. पूर्ण झालेल्या गोल हिऱ्याला वर ३३ आणि खालीं २४ असे ५७ पैलू असतात. तळाचें टोंक सपाट केलें तर ५८. कच्च्या खड्याचें निम्म्याहून अधिक वजन या सर्व प्रकारांत बहुधा उडून जातें. कांहीं घंट्या बंद होत्या. "मंदी आहे," बापा म्हणाले. "मुलें गांवीं गेलीं." यापेक्षां अधिक ते त्याविषयीं बोलले नाहींत.

आतां हा खडा चमकतो कां, हें सांगितलें पाहिजे. हिऱ्याच्या अंगीं स्वतःचा उजेड नाहीं. काळोख्या खोलींत कोहिनूर ठेवला तरी काळोखच. बाहेरून येणारा प्रकाश आंत घ्यावयाचा, फिरवावयाचा आणि पाहणाराच्या डोळ्याकडे परत धाडावयाचा, एवढाच त्याचा उद्योग. सेकंदास सुमारें तीन लक्ष किलोमीटर धांवणारा प्रकाश हिऱ्यांत शिरतांच सव्वा लक्षावर येतो. इतका तो पदार्थ प्रकाशाच्या दृष्टीनें दाट आहे. शास्त्रीय भाषेंत त्याचा वक्रीभवनांक २.४२, साध्या कांचेचा दीडच्या आसपास. दाट पदार्थांतून विरळ पदार्थांत जाणारा किरण फार तिरपा आला तर तो बाहेर पडूं शकत नाहीं, आंतच परततो. पाण्यानें भरलेला कांचेचा पेला डोळ्यांच्या वर धरून खालून पाहिलें तर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चकाकतांना दिसतो, तो याच कारणानें. कांचेंत ही मर्यादा सुमारें ४२ अंशांची आहे. हिऱ्यांत अवघी २४ अंशांवर थोडी. म्हणजे हिऱ्यांत एकदां शिरलेल्या किरणाला बाहेर पडण्याचें दार फार अरुंद. तो एका पैलूवर आपटतो, वळतो, समोरच्या पैलूवर आपटतो, आणि शेवटीं वरच्या बाजूनें बाहेर येतो.

यालाच जोडून दुसरी गोष्ट. पांढऱ्या प्रकाशांतील तांबडा आणि जांभळा किरण हिऱ्यांत सारखे वांकत नाहींत. म्हणून बाहेर येतांना ते वेगळे होतात आणि इंद्रधनुष्याच्या ठिणग्या दिसतात. तिसरी गोष्ट म्हणजे हिरा, दिवा किंवा आपला डोळा हलला कीं एक पैलू विझतो आणि दुसरा पेटतो, ही लुकलुक. पांढरें तेज, रंगांच्या ठिणग्या आणि लुकलुक, या तिहींचें मिळून आपण ज्याला हिऱ्याचें पाणी म्हणतों तें होतें.

परंतु हें सर्व कोनांवर अवलंबून. तळाचा उतार चुकला कीं किरण वर येण्याऐवजीं खालून किंवा बाजूनें निसटतो. बेल्जममधील हिऱ्यांच्या धंद्यांतल्या घराण्यांत जन्मलेल्या मार्सेल टोल्कोव्स्की या तरुण अभियंत्यानें १९१९ सालीं याचें गणित मांडून पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याच्या हिशेबीं तळाचा उतार ४०.७५ अंश, माथ्याचा ३४.५ अंश, आणि वरचें सपाट मैदान, ज्याला कारागीर टेबल म्हणतात, तें व्यासाच्या ५३ टक्के असावें. आजचे कारागीर टेबल थोडें मोठें ठेवतात, तरी या आंकड्यांपासून फार दूर जात नाहींत. तीस वर्षें मीं फळ्यावर हे किरण खडूनें काढले. एक-दोन अंशांनीं केवढा फरक पडतो तें मात्र त्या दिवशींच पाहिलें.

बापांनीं एका पांढऱ्या कागदावर तीन हिरे ठेवले. "मास्तरसाहेब, तिहींची किंमत सारखी. कोणता घ्याल?" पहिला चाळीस सेंटचा होता, दुसरा छत्तीस आणि तिसरा तीस. शंभर सेंट म्हणजे एक कॅरट, आणि एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. मीं अर्थातच सर्वांत मोठ्याकडे बोट केलें. त्यांनीं मला खिडकीपासून दूर नेऊन भिंग दिलें. चाळीस सेंटचा हिरा रुंद पण उथळ होता. टेबलाच्या आंत करड्या रंगाचें एक कडें दिसत होतें, माशाच्या निस्तेज डोळ्यासारखें. छत्तीस सेंटचा फाजील खोल. त्याच्या मध्यभागीं खिळ्याच्या डोक्यासारखा काळा ठिपका. शिवाय त्याचा व्यास मोजला तर तीस सेंटवाल्याइतकाच भरला; सहा सेंट वजन पोटांत लपलेलें, डोळ्यांना न दिसणारें, पण पैसे घेणारें. आणि तिसरा? तो कागदावर असा पेटला होता कीं दोन्ही शेजारी त्याच्यापुढें कांचेचे वाटावे. मग त्यांनीं मला तिहींवर वांकून डोक्याची सावली पाडावयास सांगितली. पहिले दोन विझले; तिसरा सावलींतहि जागा होता.

"लोक वजन विकत घेतात," बापा म्हणाले, "आणि मग आयुष्यभर उजेड शोधतात." वजनाच्या लोभानें पैलू चुकविण्याचा मोह कारागिराला होतो तो गिऱ्हाइकामुळेंच. याचें मोठें उदाहरण कोहिनूराचें. १८५१ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत तो मांडला तेव्हां पाहावयास आलेले लोक निराश होऊन परतले. एवढें नांव आणि चमक कांचेइतकीहि नाहीं! दुसऱ्या वर्षीं ॲम्स्टरडॅमच्या कारागिरांकडून तो पुन्हां कापविला, तेव्हां आजच्या मापानें सुमारें १९१ कॅरटचा हिरा १०५.६ कॅरटवर आला. आपल्या त्र्यंबकेश्वराच्या देवालयांत होता असें सांगतात तो 'नासिकचा हिरा' इ. स. १८१८ च्या सुमारास पेशवाईबरोबर इंग्रजांच्या हातीं गेला, आणि विलायतेंत व नंतर अमेरिकेंत पुन्हां पुन्हां कापला जाऊन आज ४३.३८ कॅरटचा उरला आहे. तेज वाढलें असेल. पण ज्या रूपांत तो आपल्या पूर्वजांनीं पाहिला तें रूप परत येणें नाहीं. हें ऐकतां ऐकतां माझा हात खिशांतील डबीवर गेला.

अखेर बापांनीं कुड्या भिंगाखालीं घेतल्या. बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग मान वर करून त्यांनीं विचारलें, "घरांत केसांना तेल कोणतें लावतात?"

मीं म्हटलें, "खोबरेल."

"तेंच आहे." ते हंसले. "पाणी उतरलेलें नाहीं. वर तेल चढलें आहे."

वाचकहो, यांतील शास्त्र पाहण्यासारखें आहे. हिऱ्याला पाण्याचें वावडें पण तेलाची ओढ. खाणींमध्यें हिरेमिश्रित खडी चरबट वंगण फांसलेल्या फळीवरून पाण्याबरोबर सोडीत, तेव्हां इतर खडे वाहून जात आणि हिरे तेवढे चिकटून राहत. कानांतल्या हिऱ्याला केसांचें तेल, साबणाचा मळ आणि घाम असाच चिकटतो. आणि हिऱ्याच्या तळाशीं हवेऐवजीं तेल आलें कीं मघाशीं सांगितलेली २४ अंशांची मर्यादा एकदम सदतीस अंशांवर जाते. दार अरुंद होतें तें सताड उघडतें. परतावयाचे कितीतरी किरण खालून निसटून जातात. त्यांतून माईंच्या कुड्यांचें कोंदण मागून बंद, आंत बसविलेली डाक, म्हणजे चकचकीत पत्रा, काळीठिक्कर पडलेली. शंभर वर्षांचा मळ आंत कोंडला होता, आणि दोष मात्र हिऱ्यांच्या माथीं आला!

कोंदण उघडून हिरे काढावयाचे तर माईंना विचारल्याशिवाय मला धीर होईना. मीं घरीं फोन लावला. सगळें ऐकून घेऊन त्यांनीं एवढेंच विचारलें, "मोडणार नाहींत ना रे?" मीं तो प्रश्न बापांना सांगितला. ते म्हणाले, "आईंना सांगा, हिरा कठीण खरा, पण ठिसूळहि असतो, धक्का वर्मीं लागला तर कपचा उडतो. म्हणून हें काम मी पोरांना देणार नाहीं, स्वतः करीन."

चौदाहि हिरे निघाले. दोघांच्या कडेला बारीक कपचा उडालेला होता. कोमट पाण्यानें आणि नंतर औषधानें स्वच्छ होऊन ते कागदावर आले तेव्हां आतेभाऊ आणि मी दोघेहि बोलावयाचे थांबलों. आकार आजच्यासारखे काटेकोर गोल नव्हते. टेबल लहान, माथा उंच, तळाचें टोंक सपाट केलेलें, म्हणून वरून मधोमध लहानसें वर्तुळ दिसे. मीं विचारलें, "हे नव्या पद्धतीनें पुन्हां कापले तर?"

"कापतां येतील. पाव हिस्सा वजन जाईल, दुकानांतल्यासारखी पांढरी चमक येईल, आणि मला मजुरीहि मिळेल," असें म्हणून बापांनीं खोलींतले दिवे बंद करविले आणि मेणबत्ती पेटविली. त्या एका ज्योतीपुढें त्यांनीं माईंचा मधला हिरा आणि आजच्या घाटाचा दुसरा हिरा शेजारीं धरले. नव्या हिऱ्यांत असंख्य बारीक चांदण्या होत्या. जुन्यांत थोड्याच, पण मोठ्या आणि रंगीत ठिणग्या; एक तांबडी, एक निळी, एक हिरवी, सावकाश उमलणाऱ्या. ज्यानें हे कापले त्याच्यापाशीं विजेचा दिवा नव्हता; समई आणि पलित्याच्या उजेडांत जे दिसावयाचे तसे त्यानें घडविले. मीं सांगितलें, "पुन्हां कापूं नका." बापांनीं मान डोलविली, त्यांचेंहि मत तेंच असावें. कपचे कोंदणाच्या कडेखालीं झांकले गेले. नवें कोंदण मागून उघडें ठेवलें. उजेड वरूनच येतो, परंतु धुतांना पाणी आंतपर्यंत पोंचावें म्हणून.

अंगठीसाठीं तो तीस सेंटचाच हिरा घेतला. त्या दोन दिवसांत जें ऐकलें व पाहिलें त्याचें सार नव्यानें हिरा घेणाऱ्यांसाठीं येथें सांगतों. पहिला मान घाटाला द्यावा. प्रमाणपत्रांत गोल हिऱ्याच्या 'कट'ची प्रत सर्वोत्तम असेल असाच पाहावा, आणि तरीहि खिडकीजवळ सावलींत, घरांतल्या साध्या दिव्याखालीं व मंद ज्योतीपुढें, असा तीन उजेडांत तो स्वतःच्या डोळ्यांनीं पारखावा. रंगाची प्रत डी या अक्षरापासून झेडपर्यंत उतरती असते. सोन्याच्या कोंदणांत जी, एच किंवा आय या प्रतीचा हिराहि पांढराच दिसतो, तेव्हां डी-साठीं दुप्पट पैसे मोजण्यांत अर्थ नाहीं. निर्दोषपणाचेंहि तसेंच: जो डाग दहापट भिंगाखालींच दिसतो तो कानांत किंवा बोटांत कोणासहि दिसत नाहीं. एक कॅरट, अर्धा कॅरट अशा पूर्ण आंकड्यांशीं भाव एकदम चढतो. नव्वद किंवा पंचेचाळीस सेंटचा हिरा डोळ्यांना तेवढाच आणि खिशाला हलका. वजनाबरोबर व्यासहि विचारावा. चांगल्या घाटाचा एक कॅरटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटरचा भरतो. बराच कमी भरला तर वजन पोटांत आहे असें समजावें. कांहीं हिरे अतिनील किरणांत निळे चमकतात. हा दोषच असें नाहीं, पण तो प्रकार तीव्र असेल तर उन्हांत हिरा दुधट दिसत नाहीं ना, तें पाहावें.

आतां प्रयोगशाळेंत घडविलेल्या हिऱ्यांविषयीं. ते खोटे नव्हेत. तेहि कार्बनच, तोच वक्रीभवनांक, तीच चमक, आणि तेहि सुरतेंत मोठ्या प्रमाणांत तयार होतात. नुसत्या डोळ्यानें बापांनाहि फरक सांगतां येत नाहीं. त्याला यंत्र लागतें. त्यांची किंमत खाणींतल्या हिऱ्यापेक्षां पुष्कळ कमी आहे, आणि ती उत्तरोत्तर उतरत आली आहे. घालून मिरवावयाचा असेल तर त्यांत कमीपणा नाहीं. पण एकाचे पैसे देऊन दुसरा घरीं येऊं नये, यासाठीं प्रमाणपत्र घ्यावें आणि त्यावरचा क्रमांक हिऱ्याच्या कडेवर लेझरनें कोरलेला असल्यास भिंगांतून ताडून पाहावा. झिर्कोनिया आणि मॉइसनाइट हे मात्र हिरे नव्हेत. त्यांत रंगांच्या ठिणग्या हिऱ्याहून अधिक उडतात, आणि अज्ञ मनुष्य त्या भपक्यालाच भुलतो.

निघतांना मीं बापांना मजुरी विचारली. त्यांनीं कोंदणाची सांगितली. हिरे पाहिल्याची व धुतल्याची घेतली नाहीं. "असा जुना माल हातांत घ्यावयास रोज मिळत नाहीं," म्हणाले.

घरीं आलों तेव्हां संध्याकाळ होत आली होती. दादांनीं अंगठीचा हिरा पाहून कपाळाला आठी घातली. "तीसच सेंट?" परंतु मग तो घेऊन ते खिडकीशीं गेले, दिव्याखालीं आले, पुन्हां खिडकीशीं गेले. बऱ्याच वेळानें म्हणाले, "व्याह्यांना सेंट कशाला सांगावयाचे?"

कुड्या वहिनींनीं मुलीच्या कानांत घातल्या आणि तिला देवघरांत माईंकडे पाठविलें. तेथें फक्त समई तेवत होती. मुलगी नमस्काराला वांकली तशी तिच्या दोन्ही कानांत एक तांबडी व एक निळी ठिणगी हलली. माईंनीं तिची हनुवटी धरून तोंड समईकडे वळविलें, पुन्हां इकडे वळविलें. "माझ्या आईच्या कानांत अशाच दिसत," त्या म्हणाल्या. "मला वाटलें होतें, माझीच दृष्टि अधू झाली."

तेव्हांपासून आमच्या घरीं एक नवा कुळाचार सुरू झाला आहे. महिन्यांतून एकदां वाटींत कोमट पाणी व थोडा साबण घेऊन, मऊ कुंचल्यानें मागच्या बाजूनें, घरांतले सर्व हिरे धुवावयाचे. वाहत्या नळाखालीं मात्र नव्हे, वाटींतच. खडा निसटला तर मोरींतून परत येत नाहीं. हें काम माईंनीं स्वतःकडे ठेवलें आहे, आणि कुंचला त्या कोणाच्या हातीं देत नाहींत.